गुंतवणूकदारांनी नाही म्हटलं. आता स्टार्टअप चालू ठेवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघे मिळून लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवता. पैसे मोजणारे अकरा ग्राहक आहेत. गेलं वर्षभर गुंतवणूकदारांच्या मागे फिरलात आणि एकजात सगळ्यांनी नकार दिला. खात्यात सात महिने पुरतील एवढे पैसे आहेत, धंद्यातल्या तुमच्या जोडीदाराला नोकरीचं बोलावणं आलंय, आणि आता चिकाटी धरावी की गाशा गुंडाळावा हे तुम्हाला समजेनासं झालंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आठ आठवडे गुंतवणूकदारांना भेटणं पूर्ण बंद करा. डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स, उघडू नका, कुणाकडून ओळखी मागू नका. तो सगळा वेळ त्या अकरा ग्राहकांना आणि तुमच्या हिशेबाला द्या. पुढे जायचं की थांबायचं, हे त्या आठ आठवड्यांनंतरचे आकडे सांगतील. वर्षभरातले नकार ते सांगू शकत नाहीत. मी आधी स्वतः कंपनी चालवली आणि आता टेबलाच्या पलीकडे बसून आठवड्याला ढीगभर लोकांना नकार देतो. त्यामुळे नकार कसा तयार होतो हे मला आतून ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याला तुम्ही देताय तेवढी किंमत मी देत नाही.

आधी त्या नकाराचं गणित समजून घ्या. समजा स्टार्टअपमध्ये पैसे घालणारा १०० कोटींचा फंड आहे. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं आणि दरवर्षी सुमारे २ टक्के व्यवस्थापन शुल्क जातं, म्हणजे प्रत्यक्ष गुंतवायला ८० कोटींच्या आसपास उरतात. ज्यांनी या फंडात पैसे ठेवलेत त्यांना दहा वर्षांत निदान तिप्पट हवे असतात, म्हणजे ३०० कोटी. आता तुमच्या कंपनीत या फंडाचा हिस्सा गुंतवणुकीच्या पुढच्या फेऱ्यांमध्ये घटत घटत १५ टक्क्यांवर आला असं धरू. तुम्ही घाम गाळून कंपनी १०० कोटींची केलीत, तर फंडाच्या हाती १५ कोटी लागतात. तुमचं आयुष्य बदलून जाईल, पण फंडाच्या ३०० कोटींत त्याने जेमतेम भर पडेल. कंपनी १,००० कोटींची झाली तरच फंडाचा निम्मा भार तिने उचलला असं होतं. बैठकीत समोरचा माणूस मनातल्या मनात हाच एक प्रश्न सोडवत असतो: हे १,००० कोटींचं होऊ शकतं का? उत्तर ‘बहुधा नाही’ असं आलं की तो हसतमुखाने नकार देतो. लिफ्ट देखभालीचं सॉफ्टवेअर हा चांगला, टिकाऊ, नफ्याचा धंदा असू शकतो आणि तरीही त्या फंडासाठी निरुपयोगी ठरू शकतो.

ही हाव आहे असं वाटेल, पण त्यामागे नाइलाज आहे. अमेरिकेतल्या कॉरिलेशन व्हेंचर्स या फर्मने २००४ ते २०१३ या काळातल्या २१,००० हून अधिक गुंतवणुकी तपासल्या. सुमारे ६५ टक्के गुंतवणुकींमध्ये मुद्दलही परत आलं नव्हतं. दहापट किंवा त्याहून जास्त मिळालं ते फक्त ४ टक्क्यांमध्ये. ज्याचं पोट त्या ४ टक्क्यांवर चालतं तो बाकीच्यांना नाही म्हणणारच.

शिवाय पहिल्या भेटीला समोर बसतो तो बहुतेक वेळा असोसिएट, म्हणजे फर्ममधला कनिष्ठ माणूस. त्याला नाही म्हणायचा अधिकार असतो, हो म्हणायचा नसतो. हो म्हणायचं तर फर्मच्या एखाद्या पार्टनरने, म्हणजे निर्णय घेणाऱ्या भागीदाराने, बाकीच्या पार्टनरांसमोर तुमची बाजू लढवावी लागते, आणि असा पार्टनर वर्षाला एखाद-दुसरीच नवी गुंतवणूक करतो. त्याने या वर्षीची आधीच केली असेल, फंड संपत आला असेल, तुमच्यासारख्याच एखाद्या कंपनीत त्याचे पैसे बुडाले असतील. यातलं काहीही तुम्हाला कुणी सांगणार नाही. तुम्हाला मेल येईल तो “अजून थोडं लवकर आहे, पण संपर्कात राहू” असा. याचा अर्थ ‘नाही’ असाच. मीही असेच मेल लिहितो. समोरच्याला दुखवायचं नसतं आणि दार पूर्ण लावूनही घ्यायचं नसतं.

म्हणून मेलमधल्या कारणांवर उत्पादन बदलत बसू नका. एकाने म्हटलं बाजार लहान आहे म्हणून तुम्ही एस्कलेटर धरलेत, दुसऱ्याने म्हटलं एआय कुठे आहे म्हणून चॅटबॉट चिकटवलात, की सहा महिन्यांत अशी वस्तू तयार होते जी एकाही लिफ्टवाल्याने मागितलेली नसते.

खरं कारण काढून घ्यायचं असेल तर नकार आल्यावर आठवडाभराने फोन करा. मेल नको, फोनच. आणि म्हणा: “पैशांसाठी फोन केलेला नाही. त्या दिवशी बोलताना नेमकं कुठे तुमचं मन फिरलं, तेवढंच सांगा.” यावर बहुतेक जण गुळमुळीत बोलतात. पण दहातले दोघे-तिघे थोडा वेळ थांबून खरं बोलून जातात. मी एका तरुण फाउंडरला असंच सांगितलं होतं, “तुम्ही म्हणालात की एक ग्राहक मिळवायला चार महिने जातात आणि तो महिन्याला जे देतो त्यातून तो खर्च दीड वर्षाने भरून येतो. तिथे मी पेन खाली ठेवलं.” त्याने डेकमधल्या रंगांबद्दल किंवा टीमच्या स्लाइडबद्दल चार वेळा ऐकलं होतं, हे कुणीच बोललं नव्हतं. एकमेकांना न ओळखणारे तिघे जर एकाच जागी अडखळले असतील तर तो मुद्दा कागदावर लिहून ठेवा. एकेकट्याचं मत सोडून द्या.

आता त्या प्रसिद्ध कहाण्या. तुम्हीही प्रश्नात एअरबीएनबीचा, म्हणजे लोकांची घरं प्रवाशांना राहायला मिळवून देणाऱ्या कंपनीचा, दाखला दिलात, आणि तो खराच आहे. २००८ च्या जूनमध्ये तिचे संस्थापक ब्रायन चेस्की आणि मंडळींनी १५ लाख डॉलरच्या व्हॅल्युएशनवर, म्हणजे कंपनीची तेवढी किंमत धरून, दीड लाख डॉलर मागितले होते. ओळखीतून सात गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचले. पाचांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. चेस्कीने ते मेल २०१५ मध्ये जाहीर केले. २०२० च्या डिसेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. बेसेमर व्हेंचर पार्टनर्स ही जुनी फर्म तर स्वतःच्या चुकलेल्या संधींची यादी ‘अँटी-पोर्टफोलिओ’ म्हणून मिरवते. त्यात ॲपल आहे, गूगल आहे, आणि फेडेक्सला तर त्यांनी सात वेळा नाही म्हटल्याची नोंद आहे.

या कहाण्या मला आवडतात, पण धीर द्यायला त्या वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. ज्यांना सातही जणांनी नाकारलं आणि मग जे बुडाले त्यांचे मेल कुणी जाहीर करत नाही. नकार मिळाला म्हणून तुम्ही एअरबीएनबी ठरत नाही. नकार दोघांनाही सारखाच मिळतो. त्या कहाणीतला कामाचा भाग वेगळाच आहे आणि तो सांगणारे घाईत सोडून देतात. नकार मिळाल्यानंतर त्या मंडळींनी काय केलं? २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलची खोकी छापून विकली आणि त्यातून सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. २००९ च्या सुरुवातीला नवख्या स्टार्टअपना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरमध्ये गेले, तेव्हा तिथल्या पॉल ग्रॅहमने विचारलं की तुमचे वापरणारे लोक आहेत कुठे. ते न्यूयॉर्कमध्ये होते. मग हे तिथे जाऊन घराघरांत शिरले, यजमानांशी बोलले, घरांचे फोटो स्वतः काढले. म्हणजे चिकाटी होती, पण ती गुंतवणूकदारांच्या दारात बसून राहण्याची नव्हती.

डिझाइनचं ऑनलाइन साधन बनवणाऱ्या कॅनव्हाचंही तसंच. तिची संस्थापक मेलनी पर्किन्सला शंभराहून जास्त गुंतवणूकदारांनी नाकारलं हे सगळे सांगतात. त्याआधी, २००७ पासून, ती आणि तिचा सह-संस्थापक क्लिफ ओब्रेख्ट ऑस्ट्रेलियातल्या शाळांसाठी वार्षिकांक तयार करण्याची ‘फ्यूजन बुक्स’ ही कंपनी चालवत होते आणि त्यातून पैसे येत होते, हे फार थोडे सांगतात. शंभर नकार पचवायला स्वभाव लागतो हे खरं, पण महिन्याच्या महिन्याला येणारं उत्पन्न असेल तर तो स्वभाव टिकवणं बरंच सोपं जातं.

तर तुमच्या उत्पन्नाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं उत्तर इथेच आहे.

रुपये-डॉलर बाजूला ठेवून तुमचा महिन्याचा खर्च १०० धरू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून उत्पन्न ३० च्या आसपास येतं आणि खात्यात ४९० आहेत. दरमहा ७० ची तूट, म्हणून सात महिने. हा हिशेब बरोबर आहे, पण तो उत्पन्न ३० वरच गोठलंय असं धरून चालतो. उत्पन्न दरमहा १० टक्क्यांनी वाढतंय असं धरलं तर नवव्या महिन्यात खातं रिकामं होतं आणि तेव्हा तुमचं उत्पन्न ६४ च्या आसपास असतं. म्हणजे काठ दिसायला लागल्यावर दम संपला. आता दुसरी बाजू पाहा. वाढ तीच, १० टक्के, पण खर्च १०० वरून ७५ वर आणला, तर अकराव्या महिन्यात उत्पन्न खर्चाला मागे टाकतं आणि त्या वेळी खात्यात २०० हून जास्त शिल्लक असते. गुंतवणूकदार एकही नाही, आणि कंपनी जिवंत.

यातली खरी मेख वाढीच्या दरात आहे. खर्च ७५ ठेवून वाढ फक्त ५ टक्के असेल तर सोळाव्या महिन्यात खातं तळाला जातं. ६ टक्के असेल तर सतराव्या महिन्यात तुम्ही तरलेले असता. एका टक्क्याचा फरक! म्हणून “आम्ही वाढतोय” हे वाक्य मला पुरत नाही. गेल्या सहा महिन्यांत महिन्यागणिक खरोखर जमा झालेली रक्कम एका रांगेत लिहा आणि वाढ काढा. बिल पाठवलेली रक्कम चालणार नाही, बँकेत आलेलीच धरायची. बऱ्याच फाउंडरांना हा आकडा तोंडपाठ नसतो, व्हॅल्युएशन मात्र असतं.

खर्च २५ टक्क्यांनी कुठून उतरवायचा? तुम्हाला कळेलच, पण माझा अनुभव असा की पिचिंगचाच, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर मांडणी करत फिरण्याचाच, खर्च कुणी मोजत नाही. प्रवास, परिषदांची तिकिटं, डेकवाला डिझायनर, “गुंतवणूकदारांना दाखवायला” म्हणून घेतलेली वरिष्ठ माणसं, मोठी दिसावी म्हणून घेतलेली जागा. गुंतवणूकदार यायचाच नसेल तर यातलं निम्मं आजच जातं.

उत्पन्नाच्या बाजूला दोन गोष्टी. भाव वाढवा, अकरा ग्राहकांपैकी जे रोज वापरतात ते २० टक्के वाढीवर कुरकुरतील, पण जाणार नाहीत. आणि वार्षिक रक्कम आगाऊ घ्यायला लागा, दोन महिन्यांची सूट देऊन. फक्त ते आगाऊ पैसे या महिन्याचं उत्पन्न म्हणून मिरवू नका. बारा महिन्यांच्या सेवेचं ते देणं आहे. ते एका दमात खर्च झाले तर सात महिन्यांनंतर तुम्ही फुकट राबत असाल.

आता त्या अकरांकडे जा. प्रत्यक्ष जा, व्हिडिओ कॉल नको. सकाळी त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा कोपऱ्यात बसा आणि बघा. बंद पडलेल्या लिफ्टची तक्रार आली की ती तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा नोंदली जाते, की आधी वॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि संध्याकाळी कुणीतरी कारकून ती तुमच्याकडे भरतो? टेक्निशियन मशीन रूममधून फोटो टाकतो, की जुन्या वहीत सही करून निघून जातो? वार्षिक देखभाल करार कधी संपतोय हे मालक तुमच्या स्क्रीनवर बघतो, की त्याची स्वतःची एक्सेल शीट अजून चालू आहे? समांतर वही चालू असेल तर तो ग्राहक तुमचा झालेला नाही, तो तुम्हाला अजून आजमावतोय.

आणि निघताना मालकाला सरळ विचारा: “आम्ही पुढच्या महिन्यात हे बंद केलं तर तुम्ही काय कराल?” त्याचा चेहरा बघा. “ठीक आहे, बघू काहीतरी” म्हणाला तर समजून जा. “असं कसं बंद कराल, माझे दोनशे करार त्यात आहेत” म्हणून खुर्चीतून पुढे सरकला, तर हा एक माणूस पंधरा गुंतवणूकदारांच्या मतापेक्षा वजनदार आहे. असे चार-पाच जण अकरांत निघाले तर चालू ठेवायला आधार आहे. एकही निघाला नाही तर तुम्हाला निधीची अडचण नाही, उत्पादनाची आहे, आणि ती पैशाने सुटत नाही. मोबाइलवर छोटे व्हिडिओ दाखवणाऱ्या क्विबीने सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपर्यंत बंद. तिथे गुंतवणूकदारांनी भरभरून हो म्हटलं होतं. बघणाऱ्यांनी नाही म्हटलं.

जे चार-पाच जण खुर्चीतून पुढे सरकले त्यांच्यात साम्य काय ते शोधा. कदाचित ते सगळे पन्नास ते तीनशे लिफ्ट सांभाळणारे असतील, कदाचित सगळ्यांकडे जुन्या इमारतींचं काम असेल. तसाच बारावा आणि तेरावा ग्राहक आठ आठवड्यांत मिळतो का, एवढीच परीक्षा. पाचांकडून दोन-दोन ओळखी मागा. ओळख द्यायला ते का-कू करत असतील तर तीही माहितीच आहे.

इथे एक सावधगिरी. तगून राहायचं म्हणून लोक सेवेची कामं घेतात: कुणाची वेबसाइट, कुणाचं ॲप. घ्या, त्यात कमीपणा नाही. ईमेल मार्केटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मेलचिंपचा जन्मच एका वेब डिझाइन एजन्सीच्या पोटात २००१ मध्ये झाला. बाहेरचा पैसा न घेता ती वाढली आणि २०२१ मध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इंट्यूटने ती सुमारे १२ अब्ज डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं. झोहो आणि झिरोधाही बाहेरच्या भांडवलाशिवाय मोठ्या झाल्या. पण सेवेच्या कामाला वेळेची मर्यादा घाला. दोघांपैकी एकानेच ते करायचं, आणि आठवड्याचे ठरलेले दिवसच. नाहीतर वर्षभराने तुमच्याकडे एक बरी एजन्सी असते आणि सॉफ्टवेअरला शेवटचं अपडेट कधी दिलं हे आठवत नाही.

दुसरी सावधगिरी जास्त गंभीर आहे. कर्मचाऱ्यांच्या पगारावर चिकाटी दाखवू नका. पँडोरा या इंटरनेट रेडिओ कंपनीच्या टिम वेस्टरग्रेनने तीनशेहून जास्त वेळा पिच केलं आणि २००४ मध्ये एकदाचे सुमारे ९० लाख डॉलर मिळाले, ही कहाणी प्रेरणा म्हणून सांगतात. मधल्या दोनेक वर्षांत जवळपास पन्नास माणसांनी पगाराविना काम केलं आणि त्यातल्या काहींनी पुढे कंपनीवर दावा लावला, हा भाग गाळतात. पगार द्यायचे पैसे नसतील तर माणसाला आधी सांगून मोकळं करा. स्वतःचा पगार थांबवणं तुमच्या हातात आहे, दुसऱ्याचा थांबवणं नाही. तसंच राहतं घर गहाण टाकणं, क्रेडिट कार्डावर पगार करणं, आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाला हात घालणं: यावर मी चर्चाही करत नाही.

जोडीदाराबद्दल. नोकरीचं पत्र हातात आलं म्हणून तो गद्दार होत नाही. त्याला घरी काय विचारतात, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे तुम्हाला नेमकं माहीत आहे का? एक संध्याकाळ काढा आणि दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: किती महिने, किती कमी पैशांत, आणि कुठल्या आकड्याला थांबायचं. मग कागद बदला. दोघांच्या तारखांमध्ये वर्षाचं अंतर असेल तर त्याला सन्मानाने जाऊ द्या. मात्र त्याच्या शेअर्सचं काय ते त्याच आठवड्यात कागदावर आणा. व्हेस्टिंगचा, म्हणजे शेअर्स काम केलेल्या काळानुसार हळूहळू मालकीचे होण्याचा, करार आधी केलेला असेल तर काम सोपं आहे; नसेल तर वकील गाठा. गेलेला को-फाउंडर अर्धी कंपनी धरून बसलाय, हे एक कारण असं आहे की ज्यावर मी स्वतः हटकून नकार देतो.

आठ आठवड्यांनी आकडे बरे आले आणि तरीही बाहेरचे पैसे घ्यावेसे वाटले, तर पुन्हा जा, पण वेगळ्या तऱ्हेने. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यातल्या नीट बोललेल्या पाच-सात जणांना महिन्याला एक छोटा मेल पाठवायला लागा. चार ओळी: गेल्या महिन्यात काय करू म्हणालो होतो, काय झालं, जमा झालेली रक्कम किती, पुढच्या महिन्यात काय करणार. मागणी काही नाही. अशा मेलचं उत्तर मी क्वचितच देतो, पण वाचतो सगळे. सलग सहा महिने बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस दिसला की पहिल्या भेटीत त्याच्याबद्दल झालेलं मत आपोआप बदलतं. आणि या वेळी यादी बदला. १,००० कोटींचं स्वप्न हवं असलेले फंड सोडा. इमारत-व्यवस्थापन किंवा लिफ्टच्या धंद्यात हयात घालवलेला एखादा माणूस स्वतःचे पैसे घालायला तयार असतो, कारण त्याला तुमची अडचण समजावून सांगावी लागत नाही. सगळ्यांना दोन-तीन आठवड्यांच्या आतच भेटा. वर्षभर एकेकाला भेटत राहिलात की बातमी तुमच्या आधी पोहोचते.

सगळीकडून नकार आल्यावर येणारा पहिला होकारही जपून वाचा. नेटवर्किंगची उपकरणं बनवणारी सिस्को १९८४ मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक सँडी लर्नर आणि लेन बोसॅक यांना कितीतरी व्हेंचर फर्मांनी परतवलं, आणि १९८७ मध्ये सेकोया या फर्मच्या डॉन व्हॅलेंटाइनने २५ लाख डॉलर घातले. १९९० च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली आणि त्याच ऑगस्टमध्ये लर्नरला काढून टाकण्यात आलं; पाठोपाठ बोसॅकही बाहेर पडला. कंपनी यशस्वी झाली, संस्थापक मात्र दाराबाहेर. टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, व्हॅल्युएशनचा आकडा सगळे वाचतात, ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’, म्हणजे कंपनी विकल्यावर गुंतवणूकदाराला आधी किती मिळणार ही अट, कुणी वाचत नाही. समजा कुणी २५ टक्के हिश्श्यासाठी १० कोटी घातले आणि अट दुप्पट प्रेफरन्सची, वर उरलेल्यातही वाटा. कंपनी २५ कोटींना विकली गेली तर आधी २० कोटी त्याचे, उरलेल्या ५ मधले सव्वा कोटीही त्याचे. तुमच्या वाट्याला, बाकी सगळ्यांसकट, पावणेचार कोटी. घायकुतीला आलेला माणूस अशा कागदावर सही करतो. खर्च ७५ वर आणलेल्या माणसाला परत जाता येतं.

आणि आकडे बरे आले नाहीत तर? थांबण्याची खूण तुम्हीच आधी लिहून ठेवा, जोडीदाराच्या सहीसकट. माझ्या मते तुमच्या बाबतीत ती अशी असावी: आठ आठवड्यांत एकही नवा ग्राहक नाही, खुर्चीतून पुढे सरकणारे तीनपेक्षा कमी, आणि भाववाढ मागितल्यावर रोज वापरणाऱ्यांतलेच दोघे सोडून गेले. तिन्ही एकदम झालं तर आणखी जोर लावण्यात अर्थ नाही. एकच झालं तर अजून चार महिने द्या. आणखी एक खूण जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: लिफ्टवाल्यांचा फोन आला की तुम्हाला तो उचलावासा वाटत नाही. असं होत असेल तर आकडे बरे असले तरी ही कंपनी दुसऱ्या कुणीतरी चालवलेली बरी, आणि अकरा ग्राहकांसकट ती विकताही येते.

बंद करायचं ठरलंच तर ग्राहकांना निदान तीन महिने आधी सांगा आणि प्रत्येकाच्या सगळ्या नोंदी त्याला उघडता येतील अशा साध्या फाइलमध्ये द्या. लिफ्टच्या देखभालीच्या नोंदी आहेत त्या. उद्या एखादा अपघात झाला तर मालकाकडे दाखवायला तेवढंच असतं. त्या तीन महिन्यांचे पगार, सर्व्हरचं भाडं आणि आगाऊ घेतलेल्या पैशांतला परत करायचा भाग याची बेरीज आजच करा, आणि तेवढी रक्कम ४९० मधून काढून वेगळ्या खात्यात टाका. मग उरलेल्या रकमेवर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडा. सात महिने म्हणताय ते बहुधा पाचच निघतील.